बिडाचा आवाज

वुडलँड्स, सिंगापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

आम्ही इथे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं पथ्य चालू असेलच. मेधाचं शाळेत शिकवणं पुन्हा सुरू झालं. ऋता नोकरीत गुंतली आहे, घरी झोपण्यापुरती येते. चिनी नववर्षाची सुट्टी संपली. खालच्या मजल्यावर लाल कंदील अजून टांगलेले आहेत.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. तू म्हणतेस, टाइप केलेलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे, नुसती पोच. म्हणून कागद घेतला. रविवारचे तुझे फोन राहून जातात. कधी मी गाडीपाशी असतो, कधी फोन आतल्या खोलीत असतो. रागावू नकोस.

एका गोष्टीत तुझा सल्ला हवा आहे.

माझी मस्टँग तू फोटोत पाहिली आहेस. एकोणसत्तर सालची, अमेरिकेत बनलेली. पुढे ऑस्ट्रेलियात कुणीतरी तिचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलं. इथल्या नियमाने अशा जुन्या गाड्या वर्षातले थोडेच दिवस रस्त्यावर काढता येतात. बाकीचे दिवस ती पार्किंगमध्ये कापडाखाली उभी असते आणि मी तिच्याशेजारी. मेधा म्हणते, देवासमोरसुद्धा तू इतका वेळ उभा राहिला नाहीस.

इंजिनाचे आठ सिलिंडर, दोन्ही बाजूंना चार-चार. प्रत्येक बाजूचा धूर गोळा करायला बिडाचा एक जाड मॅनिफोल्ड आहे, मूळचाच. मी तो काढून हेडर बसवायच्या विचारात आहे. हेडर म्हणजे एका बिडाच्या तुकड्याऐवजी चार स्वतंत्र पोलादी नळ्या. त्या खाली जाऊन एकत्र येतात. धुराला वाट मोकळी मिळते, इंजिनाचा श्वास सुटतो. आवाज खुलतो.

नळ्या लांबही मिळतात आणि आखूडही. लांब नळ्यांनी ताकद वाढते, पण त्या पोटाखाली लोंबतात. आमच्या पार्किंगच्या उतारावर प्रत्येक उंचवट्याला घासतील. आखूड नळ्या बसवायला सोप्या, फरक मात्र कमी. मग धातूचा प्रश्न. साधं पोलाद रंगवून घेतलं तर इथल्या दमट हवेत लवकर गंजणार. वरून सिरॅमिकचा थर दिलेलं टिकतं. स्टेनलेस सगळ्यात चांगलं, पण तापून त्याचा रंग बदलतो, तो मला आवडत नाही. शिवाय इथे तपासणीत आवाज मोजतात. मर्यादेबाहेर गेला तर सगळं उतरवावं लागतं.

महिनाभर हेच चाललं आहे. कामावरून येतो, जेवतो, चित्रं बघतो, मापं ताडतो. मेधाने विचारलं, "एवढी ओरडते ती गाडी, अजून काय हवंय तुला?" मी म्हटलं, तिचा आवाज पूर्वीसारखा येत नाही. मॅनिफोल्ड म्हातारा झाला असेल. आतून चोंदला असेल.

तू आयुष्यभर बीड ओतलंस. तुझं मत कळव. लांब की आखूड? की आहे तेच ठेवावं?

प्रबोधचा मेसेज मिळाला. अप्पांच्या ओतकामाच्या शेडला गिऱ्हाईक मिळालं म्हणे. "मामा, तुम्ही लगेच हो म्हणालात म्हणून आईने पुढचं बोलणं केलं," असं त्याने लिहिलं आहे. ठीक आहे. तू विचार करूनच ठरवलं असशील.

दाजींना नमस्कार. प्रबोधला आशीर्वाद.

तुझा,
निशिकांत


वुडलँड्स
रविवार, १६ मार्च २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जेवणाच्या टेबलावर मेधाला मोठ्याने वाचून दाखवलं. "दोन पानं नळ्यांवर आणि दोन ओळी शेडवर. अप्पांचा मुलगा शोभतोस." मेधा हसली. मग हसायची थांबली.

तुझं पुढचं वाक्य मी मोठ्याने वाचलं नाही. "बीड म्हातारं झालं की त्याचा आवाज कमी होत नसतो. तडा गेला तर वाढतो. तू लिहितोस आवाज पूर्वीसारखा येत नाही. असं होत नाही, निशी. मॅनिफोल्ड सोड, काय बिघडलंय ते नीट बघ."

तुझं पत्र यायच्या आधीच मी हेडर मागवून मोकळा झालो होतो. आखूड, सिरॅमिकवाले. ब्रिस्बेनचा एक दुकानदार दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी बनवतो. स्टिअरिंग डावीकडे ठेवलेल्या गाड्यांसाठी वेगळे, उजवीकडे आणलेल्यांसाठी वेगळे. फरक महत्त्वाचा आहे. स्टिअरिंगची पेटी ज्या बाजूला असते, त्या बाजूच्या नळ्यांना तिला वळसा घालून जावं लागतं.

परवा खोकं घेऊन आंग मो किओला गेलो. तिथल्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये आ सेंगचं गॅरेज आहे. माझ्याच वयाचा, सिगारेट सोडल्यापासून सतत बडीशेप खाणारा. बडीशेपेची सवय मीच लावली. त्याने उजव्या बाजूच्या नळ्या खालून वर धरल्या, पुन्हा खाली घेतल्या, फिरवून धरल्या. मग जमिनीवर ठेवल्या आणि माझ्याकडे बघत राहिला.

"बॉस, युवर वाइफ ड्राइव्ह ऑर यू ड्राइव्ह?"

मला कळेना. त्याने स्टिअरिंगच्या पेटीवर पान्याने टकटक केलं, मग नळीवर. नळ्या सरळ पेटीच्या जागेतूनच जात होत्या. त्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीच्या होत्या.

"यू नेव्हर टेल देम राइट-हँड, मेह?"

सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांनीच विचारलं होतं. पैसे भरल्यावर तिथून एका बाईचा फोन आला होता. मी कंपनीच्या बसमध्ये होतो, जुरोंग आयलंडच्या फाटकापाशी, सगळे पास काढून हातात धरून बसलेले. बाई बोलत होती. मी म्हटलं, येस. ती पुन्हा काहीतरी बोलली. मी म्हटलं, येस, येस, थँक यू. तिने काय विचारलं होतं ते मला परवा गॅरेजमध्ये कळलं.

ताई, मला ऐकू येत नाही.

हे वाक्य लिहायला आठ दिवस लागतील असं वाटलं होतं. लागले नाहीत. पेन उचललं आणि लिहून झालं.

अगदीच येत नाही असं नाही. खालचे आवाज येतात. ट्रक, ढग, कॉम्प्रेसर. वरचे गेले. बायकांचे आवाज, पक्षी, दाराची बेल, भांडी. माणूस बोलतो तेव्हा गुणगुण पोचते, शब्द पोचत नाहीत. डावा कान जवळजवळ गेला आहे. उजवा थोडा आहे. फोनवर तर काहीच हाती लागत नाही. समोर माणूस असेल तर ओठांवरून, चेहऱ्यावरून जुळवतो. दिवसभर जुळवतो. मीटिंगमध्ये, बसमध्ये, कँटीनमध्ये. संध्याकाळी घरी येतो तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. मेधा काही सांगायला लागली की मी डोळे मिटतो. डोळे मिटले की मला काहीच ऐकू येत नाही, आणि तेवढीच विश्रांती. तिला वाटतं मला तिचा कंटाळा आला आहे. ऋता म्हणते, "बाबा नेव्हर लिसन वन लाह. डोंट बोदर." हे मात्र मला ऐकू आलं. ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती.

इतकी वर्षं मी मशीनच्या घरात, पंपांपाशी काढली. कानाला बोळे लावायचे असतात. बोळे लावले की बेअरिंगचा बारीक आवाज समजत नाही, म्हणून मी काढायचो. तुझीच शिकवण. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. अलीकडे मी मूठ दातांनी धरतो. हाडातून कळतं. तरुण पोरांना वाटतं ही म्हाताऱ्याची काही खास पद्धत आहे. एकाने फोटो काढला.

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी असते. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. नर्स बाहेर यंत्रापाशी असते. ती आवाज सोडते तेव्हा तिचं कोपर किंचित हलतं. मी कोपराकडे बघून बटण दाबत होतो. पास होत होतो. नापास झालो तर मला पंपांपाशी जाऊ देणार नाहीत. पंपांपाशी जायचं नसेल तर मी तिथे काय आहे?

आता गाडीचं. गाडीत बसून चावी फिरवली की मला आवाज येतो. खरं तर तो कानाला येत नाही, पाठीला येतो, मांड्यांना येतो. दिवसभरात एवढा एकच आवाज मला जुळवावा लागत नाही. तोही यंदा क्षीण वाटायला लागला. म्हणून हेडर. बिघाड कुठे आहे ते मला माहीत होतं, ताई. मी नळ्या शोधत होतो.

चुकलेल्या नळ्या गॅरेजच्या जमिनीवर पडल्या होत्या. त्या ज्या गाडीला बसल्या असत्या, तिच्यात मेधा माझ्या उजव्या हाताला, उरलेल्या कानाच्या बाजूला बसली असती. आ सेंगने चहा मागवला. आम्ही पिऊन टाकला.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते.

भाऊबीजेला तू व्हिडिओ कॉल केलास. प्रबोधने फोन धरला होता. तुझ्याकडे फटाके चालू होते. तू निरांजन फोनसमोर ओवाळलंस. पडद्यावर आधी ज्योत आली, मग तुझा हात, मग छताचा पंखा. प्रबोधने फोन खाली ठेवला असावा. पंखा फिरत होता आणि तू बोलत होतीस. बराच वेळ बोलत होतीस. मग थांबलीस. माझ्या उत्तराची जागा आली हे मला कळलं, कारण गुणगुण थांबली.

मी म्हटलं, "हो. हो, कर ना."

त्यानंतर तू काही बोललीस की नाही ते मला माहीत नाही. तुझा चेहरा आला नाही. पंखाच होता.

तू अप्पांच्या शेडचं विचारत होतीस, हे मला जानेवारीत प्रबोधच्या मेसेजवरून कळलं. तोवर तुझे फोन यायचे तेव्हा मी नाव बघायचो आणि वाजू द्यायचो. तू त्याचा काय अर्थ लावला असशील, तो मी आता लावू शकतो. चाळीस वर्षं तू भट्टीपुढे उभी राहिलीस, आणि भावाने एका श्वासात सांगितलं, कर ना.

मला ऐकू आलं असतं तर मी नको म्हणालो असतो, असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण ते खरं नाही. बहुतेक हो म्हणालो असतो. तुझे गुडघे गेलेत, प्रबोधला त्या कामात रस नाही, मी इथे. पण लगेच म्हणालो नसतो. आधी विचारलं असतं, भट्टी कधी विझवलीस. साचे कुठे ठेवणार. तुला एकटीला तिथे जाऊन बसावंसं वाटतं का. तू माझ्याशी भांडली असतीस. मग हो म्हणालो असतो.

हे मेधाला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगितलं. यातही काही बरोबर नाही, पण झालं तसं लिहितो.

तुझा,
निशिकांत


वुडलँड्स
रविवार, २० एप्रिल २०२५

ताई,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. मेधाने ते फ्रिजवर लावलं आहे.

"मूर्खा, मी रडले होते त्या दिवशी. दाजी म्हणाले, सिंगापूरचं पाणी लागलं त्याला. खरेदीखत अक्षय्य तृतीयेनंतर आहे. त्याआधी ये. मी पुन्हा विचारते."

येतो. शनिवारचं विमान आहे. पुण्याहून गाडी करीन.

मेधाला सांगितलं. पाडव्याला, गुढी उतरवताना. ती गॅलरीत स्टुलावर उभी होती, मी खाली काठी धरून. तिने गाठी माझ्या हातात दिल्या आणि इतकंच म्हणाली, "मला वाटायचं, मीच हळू बोलायला लागले." मग बराच वेळ खाली आली नाही.

ब्रिस्बेनला मेल केला. मी कानाने अधू आहे, कृपया फोन न करता लिहा. इंग्रजीत हे वाक्य फार लहान होतं. त्यांनी नळ्या परत घ्यायचं कबूल केलं.

दवाखान्यात तपासणी केली. या वेळी नर्सकडे पाठ करून बसवा म्हणालो. निकाल सांगण्यासारखा नाही. कंपनीत साहेबांना कागद दिला. पंप गेले. टेबलाचं काम देणार आहेत, मुदत संपेपर्यंत. माझ्या जागी जो पोरगा आला, तो स्क्रूड्रायव्हर दातात धरतो. मी त्याला कानाला लाव म्हणालो, बोळ्यावरून. त्याला पटलं नाही.

दोन्ही कानांत मशीन बसवलं आहे. सवय व्हायला वेळ लागेल म्हणतात. सगळं एकाच अंतरावरून ऐकू येतं. कागद, नळ, चपला. ऋता जेवताना चमचा वाजवते हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन तासाभराने मी मशीन काढून ठेवतो. अजून थकवा येतोच. पण आता मेधाला सांगून डोळे मिटतो.

पहिल्या रविवारी तिला घेऊन पार्किंगमध्ये गेलो. कापड काढलं, चावी फिरवली. खालची घरघर होतीच, आणि तिच्यावर आणखी काहीतरी होतं. टिक, टिक, टिक, कोरडं, घड्याळाहून जलद. इंजिन तापलं तसं ते मंद होत थांबलं. मी मेधाला म्हटलं, हे काय नवीन?

"नवीन?" ती म्हणाली. "दोन वर्षं वाजतंय ते. मी सांगितलं होतं तुला. तू बरं बरं म्हणालास."

आ सेंगने उजवा मॅनिफोल्ड उतरवला. मागच्या टोकाला केसासारखा तडा असावा असं त्याला वाटतं, मला नुसत्या डोळ्यांनी दिसला नाही. गार असताना धूर तिथून निसटतो, तापल्यावर बीड फुगून फट मिटते. तू लिहिलं होतंस तसा आवाज वाढलेलाच होता.

म्हणजे प्रश्न पुन्हा पहिल्या जागी आला. नवे हेडर, या वेळी उजव्या स्टिअरिंगचे, की हेच बीड दुरुस्त करायचं? आ सेंग म्हणाला, "चेंज ऑर नॉट चेंज, बॉस? यू डिसाइड, आय ओल्ड ऑलरेडी." मी म्हटलं, बहिणीला विचारतो. त्याला ते पटलं. त्याचीही मोठी बहीण आहे, मलेशियात इपोहला.

मॅनिफोल्ड सोबत आणतो आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला. मेधाचे तुझ्यासाठीचे डबे त्यामुळे माझ्या पाठीवर येतील. ती म्हणते, विमानतळावर उघडायला लावतील. लावू देत.

भट्टी विझली आहे, हे प्रबोधने कळवलं. ओतायला काही नको. शेडच्या किल्ल्या अजून तुझ्याकडे असतील तर आपण तिथेच जाऊ. तुझं ते लाकडी बाक जागेवर असेल तर त्यावर बसू. आठवतंय का, माल साच्यातून निघून गार झाला की तू एकेक नग दोरीला टांगायचीस आणि हातोडीने हलकेच ठोकायचीस. मी डोळे मिटून सांगायचो, चांगला की तडा गेलेला. चांगलं बीड घुमतं, फुटकं बद्द बोलतं. अप्पा म्हणायचे, पोराचा कान चांगला आहे.

हा मॅनिफोल्ड तसाच टांग आणि ठोक. मी डोळे मिटून ऐकेन. मला जे ऐकू येईल ते सांगेन. चुकलो तर चुकलास म्हण.

मग शेडचं विचार. पहिल्यापासून, सगळं. मी लगेच उत्तर देणार नाही.

तुझ्या डाव्या हाताला बसायला येणारा,
निशी